अकरा नंबरची हजेरी

दुपारचे बारा वाजायला पाच मिनिटं उरली की नेटवाली हातातलं काम खाली ठेवायची, मग ते कुठलंही असो. कुणाच्या छपरावर चढलेली असली तर उतरायची, कुणी चहा पुढे केला असला तर तसाच ठेवून निघायची. गावाला तिची ही सवय पाठ झाली होती. लोक म्हणायचे, एक वेळ घड्याळ चुकेल, पण ही बाई हजेरीला चुकायची नाही.

चुकली होती. एकदाच, पण चुकली होती. गावाला त्याचा पत्ता नव्हता, आणि ही गोष्ट त्या चुकीचीच आहे. तेव्हा जरा सरकून बसा आणि ऐका.

त्या गावात इंटरनेट आलं ते गावाच्या हट्टानं. मोठ्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. त्यानं कपाळावर हात धरून टेकड्या पाहिल्या, घरं मोजली, आणि ‘एवढ्याशा घरांसाठी परवडत नाही’ म्हणून जो गेला तो गेलाच. मग गावानंच कंबर कसली. शहरातल्या कचेऱ्यांनी भंगारात काढलेल्या डिश आणल्या, टेकडीवर खांब उभा केला, घरोघरी हवेतून नेट पकडणारा एकेक डबा बसवला. वर्गणी इतकी बेताची की लोक थट्टेनं म्हणायचे, साबणाच्या दोन वड्यांत जग घरी येतं. आणि हे सगळं सांभाळायला गावातलीच एक बाई तयार झाली. चाळिशीची, एकटी राहणारी, तोंडानं फटकळ, पण हाताला गुण असलेली. तीच ही नेटवाली.

तिचं ऑफिस म्हणजे बंद पडलेल्या दूध संकलन केंद्राची खोली. एक टेबल, एक स्क्रीन, एक लोखंडी कपाट, आणि फरशी कितीही घासली तरी न जाणारा आंबट दुधाचा वास.

हजेरी ही तिचीच कल्पना. डब्याच्या पोटाशी एक बटण होतं, ज्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता. तिनं काय केलं, गावात एकटी राहणारी अकरा माणसं निवडली आणि त्यांना सांगितलं, रोज बारा वाजता हे बटण दाबायचं. दाबलं की इकडे स्क्रीनवर त्या घराची लाल ओळ हिरवी व्हायची, आणि किती वेळा दाबलं तेही दिसायचं. सव्वाबारापर्यंत ओळ हिरवी झाली नाही तर जाऊन बघायचं, हा नियम. त्यासाठी एक रजिस्टर होतं. त्यात तीन रकाने होते, नंबर, हजर आणि कारण.

अकरावा नंबर टेकडीवरच्या आजीचा. खांबाच्या अलीकडे तिचं एकटं घर. तिच्याकडे साधा फोनसुद्धा नव्हता. नेट म्हणजे काय हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही आणि तिचं त्यावाचून काही अडलंही नाही. तिनं डबा घेतला तो हजेरीपायी.

“माझं नाव रोज कुठंतरी उजळतं ना पोरी, बास झालं,” असं म्हणायची.

आणि बटण दाबायची ती तीनदा. सगळे एकदा, ही तीनदा. नेटवालीनं विचारलं तेव्हा निलगिरीचं तेल चोळलेले गुडघे धरून खुदकन हसली. “एक माझी, एक ह्यांची, एक शेळीची.” ‘हे’ जाऊन वीस वर्षं झाली होती. पण हजेरी लागायची.

गेल्या हिवाळ्यात मोठं धुकं पडलं. टेकडीवरचे डबे उन्हावर चालणाऱ्या बॅटरीचे. धुकं पडलं की बॅटरी बसायची, हे नेहमीचंच. पहिल्या दिवशी तीन घरं लाल राहिली. नेटवालीनं बाहेर बघितलं तर चार पावलांवरचं दिसत नव्हतं. टेकडी चढायची म्हणजे तासभर. तिनं पेन उचललं आणि तिन्ही नंबरांपुढे ‘कारण’ या रकान्यात लिहून टाकलं, बॅटरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, बॅटरी. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. दोन घरं हिरवी झाली. अकरा लालच.

तेव्हा मात्र ती धावत वर गेली. आजी दाराच्या आत भिंतीला टेकून बसली होती. पाय मोडलेला. सरपटत भिंतीपर्यंत जाऊन तिनं डबा ओढून मांडीवर घेतला होता, आणि ओढताना त्याची वायर निसटली होती. मेलेल्या डब्याच्या बटणावर आजीचा अंगठा तसाच दाबलेला होता.

मागून आलेल्या दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, “आज पहाटे गेली असावी. काल बोलली होती का?”

“काल हजर होती,” नेटवाली म्हणाली.

शब्द तोंडातून गेला तो गेला. संध्याकाळी तिनं रजिस्टरचं ते पान फाडलं, चुलीत घातलं, आणि डबा पुसून कपाटात ठेवला. यादीतून अकरा नंबर काढून टाकला. त्यानंतर ती एकदाही उशिरा आली नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आता त्या दिवसाचं सांगतो.

वर्ष उलटलं होतं, आणि पुन्हा तसंच धुकं. दुपारचे बारा, पण खोलीत दिवा लावावा लागला होता. बाहेर सगळं कसं कापसात गुंडाळल्यासारखं, ना कुत्र्याचं भुंकणं, ना कुणाची हाक. नेटवाली स्क्रीनसमोर बसली. दहा ओळी. एकेक करून हिरव्या होत गेल्या. टेकडीवरच्यांना तिनं आदल्याच दिवशी स्वतः चढून भरलेल्या बॅटऱ्या पोचवल्या होत्या, त्यामुळे ती घरंही हिरवी. सव्वाबारा वाजले. नऊ हिरव्या, एक लाल. सात नंबर.

सात नंबर म्हणजे तिचा सख्खा मामा. गावाचा सुतार, बायको गेलेली, खाणीच्या रस्त्याला शेवटची शेड, तिथंच काम आणि तिथंच बिछाना. आईबापामागे या मामानंच तिला वाढवलं. पण हजेरीच्या बाबतीत महाबिलंदर. शेडमध्ये प्लगची जागा एकच, आणि यंत्र लावायचं म्हणजे डब्याचा प्लग काढायचा. महिन्यातून आठ दिवस मामा लाल. ती तणतणत खाली जायची, आणि हा भुशानं पांढरा झालेला, दात काढून म्हणायचा, “भाचीबाई आल्या! अगं, मी मेलो तर हातोडीचा आवाज बंद होईल, तेवढ्यावरून ओळख.”

मागच्याच आठवड्यात दोघांचं वाजलं होतं. “पुन्हा प्लग काढलास तर मी येणार नाही बघ,” असं ती बोलून आली होती.

तिनं रजिस्टर ओढलं. सातपुढे पेन टेकवलं. ‘प्लग’ लिहायला ‘प्ल’ काढला असेल नसेल, तोच समोर काहीतरी हललं.

स्क्रीनवर दहाव्या ओळीखाली आणखी एक ओळ आली होती.

अकरा. लाल.

ती बघत राहिली. ओळ हिरवी झाली. हजर. एकदा... दोनदा... तीनदा.

नेटवालीच्या हातातलं पेन खाली पडलं. यंत्राची खोड असेल, तिनं स्वतःला समजावलं. जुनी यादी वर आली असेल. ती उठली, कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. डबा होता तिथंच होता. ना वायर, ना बॅटरी. वर्षभराची धूळ, आणि धुळीवर बोटाचा ठसासुद्धा नाही. तिनं हात लावला तर लोखंडासारखा गार.

पाठीमागे स्क्रीन उजळली. एकदा... दोनदा... तीनदा.

आणि खोलीतला आंबट वास गेला. इतक्या वर्षांत न गेलेला वास एका क्षणात गेला हो, आणि त्याजागी निलगिरीच्या तेलाचा वास आला. दाट, अगदी नाकाजवळून.

तिची पाचावर धारण बसली. तिनं नर्सबाईंना फोन लावला. आजीच्या प्रकारानंतर हजेरीची यादी दवाखान्यातल्या स्क्रीनवरही दिसायला लागली होती.

“नर्सबाई... तुमच्याकडे यादी उघडी आहे?”

“आहे की. नऊ हिरव्या, एक लाल. तुझे मामा. पुन्हा प्लग काढला असेल त्यांनी.”

“आणि... अकरा?”

“अकरा कुठला गं आता?” नर्सबाई थांबल्या. “तुझा आवाज असा का येतोय? एकटी आहेस ना तिथं? तुला किती वेळा सांगितलं, तूही त्या यादीत नाव घाल. एकट्यांची यादी करतेस आणि स्वतः बाहेर राहतेस.”

“मी काय म्हातारी झाले?” ती सवयीनं म्हणाली.

फोन चालूच ठेवून ती बाहेर पळाली. पळताना काय सुचलं कोण जाणे, टेबलावरचं मीटर तिनं उचललं. तळहाताएवढं मीटर ते. हरवलेला डबा शोधायला उपयोगी, डबा जितका जवळ तितकी त्याची टिकटिक घाई करते. बाहेर धुक्यात आली आणि मीटर आपोआप वाजायला लागलं. टिक... टिक... वर नंबर, अकरा.

डबा पाठीमागे कपाटात. म्हणजे लांब गेलं की टिकटिक मंदावायला हवी, हा साधा हिशोब. ती घराच्या दिशेनं दहा पावलं गेली. मंदावली. जीव थोडा खाली बसला. मग वाट चुकली म्हणा किंवा काय म्हणा, धुक्यात ती खाणीच्या रस्त्याला वळली.

टिक, टिक, टिक.

ती थांबली. मागे सरकली. टिक... टिक... पुन्हा पुढे एक पाऊल. टिकटिकटिक.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय करेल? घर उजवीकडे, चांगली कडी असलेलं. डावीकडे धुकं, आणि धुक्यात मेलेल्या बाईचा डबा बोलावतोय. पळून जावं असं तिला फार फार वाटलं. म्हातारी हिशोब मागायला आलीय, खाणीच्या कड्यावर नेऊन ढकलणार आहे, असंही वाटलं. आणि त्याच वेळी तिला ते पान आठवलं. दोन दिवस, दोन्ही दिवशी एकच शब्द, आणि एक अंगठा बटणावर.

“आजी,” ती धुक्याला म्हणाली. आवाज रडका निघाला. “ढकलायचं तर ढकल. पण येते मी.”

रस्ता पायाखालचा होता, तरी दिसत नव्हता. डावीकडे खाणीचा खड्डा, म्हणून ती उजव्या कुंपणाच्या तारेला हात लावत चालली. तार गार, ओली. आपल्या पावलांमागे आणखी कुणीतरी चालतंय, तेही पाय ओढत, असं तिला दोनदा वाटलं. तिनं मागे बघितलं नाही. फोनमध्ये नर्सबाई विचारत होत्या, “अगं, कुठं निघालीस? बोल तरी.”

“मामाकडे,” ती म्हणाली आणि तिलाच कळलं, की होय, रस्ता मामाकडेच जातोय. “नर्सबाई, निघा तुम्ही. माणसं घेऊन निघा.”

“झालंय काय?”

“माहीत नाही. पण निघा.”

शेडपाशी आली तेव्हा मीटरची टिकटिक तुटत नव्हती, एकच लांब सूर झाला होता. दार लोटलं आणि सूर बंद पडला. मीटर काळं.

आत लाकडाचा ओला वास. दारं करायला म्हणून भिंतीला उभ्या केलेल्या जाड फळ्या सगळ्या आडव्या झाल्या होत्या. फळ्यांखालून भुशानं पांढरा झालेला एक हात बाहेर आला होता.

“मामा!”

काही नाही. मग हाताची बोटं हलली.

फळ्यांवर ती तुटून पडली. वरच्या दोन ओढून काढल्या, तिसरी हलेना. तोंडाजवळ कान नेला तर मामाचा श्वास शिट्टीसारखा येत होता. ती नुसती त्याचा हात धरून ओरडत राहिली, नर्सबाई, नर्सबाई म्हणून. अखेर धुक्यातून दिवे आले, माणसं आली. पहार घातली, चौघांनी मिळून फळ्या उचलल्या, आणि नर्सबाईंनी मामाचे कपडे कापून छाती मोकळी केली.

मामानं डोळे उघडले. इकडे तिकडे बघितलं.

“हळू रे,” तो कसाबसा म्हणाला. “फळ्यांना चरे पडतील.”

त्या क्षणी नेटवालीचा जीव भांड्यात पडला. ती मटकन भुशात बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही.

पाय मोडला होता, दोन बरगड्या गेल्या होत्या, पण माणूस वाचला. दवाखान्यातून नेटवर शहरातल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सांगितलं तसं नर्सबाईंनी केलं. रात्री हात धुताना त्या म्हणाल्या, “सकाळपासून फळ्या होत्या गं छातीवर. आणखी दोन तास गेले असते तर मी काही करू शकले नसते. तू नुसतं ‘प्लग’ लिहून बसली नाहीस, ते बरं झालं.”

नेटवालीनं त्यांच्या हातात टॉवेल दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मामाजवळ बसली. मामा चहा फार पातळ केलाय म्हणून कुरकुरत होता, म्हणजे बराच ठीक होता.

“एकटा पडला होतास रे मामा, इतका वेळ,” ती म्हणाली.

“एकटा कुठला? म्हातारी होती की. टेकडीवरची.” मामा अगदी साधेपणानं बोलला, शेजारीण बसायला आली होती असं सांगावं तसा. “तिथंच बसली होती, भिंतीला टेकून. गुडघे चोळत. मी म्हटलं, आजी, माझी भाची काही येत नाही आता, भांडलोय आम्ही. तर म्हणाली, येईल. मागच्या खेपेला पोरीनं दोन्ही दिवस बॅटरी लिहिलं होतं. या खेपेला नाही लिहायची.”

नेटवालीच्या हातातला पेला तसाच राहिला.

“बॅटरीचं काय गं ते?” मामानं विचारलं. “मला काही कळलं नाही. मला वाटलं, ग्लानीत काहीतरी ऐकतोय.”

त्या पानाबद्दल जगात कुणालाच माहीत नव्हतं. ते पान जळून राख झालं होतं.

मग ती बोलली. मामासमोर आणि दारात उभ्या असलेल्या नर्सबाईंसमोर सगळं बोलली. धुकं, तासाभराची चढण, दोन दिवस, फाडलेलं पान, ‘काल हजर होती’ हे खोटं. बोलून झालं तेव्हा अंगातून ताप उतरावा तसं तिला झालं. नर्सबाईंच्या डोळ्यांत राग होता, तो त्यांनी लपवला नाही. मग त्या म्हणाल्या, “ते आठवूनच काल धावलीस ना? मग आयुष्यभर आठव. आता ऊठ, पावणेबारा झालेत.”

खोलीत आल्या आल्या तिनं एक काम केलं. रजिस्टरातला ‘कारण’ हा रकाना पट्टी धरून शेवटच्या पानापर्यंत खोडून टाकला. मग स्क्रीनसमोर बसली. ऊन पडलं होतं. नऊ ओळी हिरव्या. सात लाल, पण सात कुठं आहे ते माहीत होतं. आणि खाली, न घालता आलेली अकरावी ओळ.

या वेळी ती घाबरली नाही, निदान फारशी नाही. मोजत राहिली. एकदा, आजीची. दोनदा, ह्यांची. तीनदा, शेळीची.

चौथ्यांदा.

चौथी? आजीनं कधी चौथी दिली नव्हती. मनात पाल चुकचुकली. आणखी कुणाचं काही झालं की काय? तिनं दवाखान्यात फोन केला. मामा झोपला होता, घोरत होता. तिनं खोलीला कुलूप लावलं, चपला घातल्या आणि नऊच्या नऊ घरं पालथी घातली. आजीची शेळी दिलेल्या घरीसुद्धा डोकावली. सगळी माणसं ठणठणीत. उलट प्रत्येकजण विचारत होता, “हजेरी दिली होती की, मग आज कशी आलीस?” संध्याकाळपर्यंत पाय दुखून आले, पण मन हलकं झालं होतं.

परत येताना अंधार पडायला आला होता, आणि तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. गावात एकटं राहणारं आणखी एक माणूस होतं, जे कुठल्याच यादीत नव्हतं. नर्सबाई सांगून सांगून थकल्या होत्या.

तिनं कपाटातून एक नवा डबा काढला, घरी नेऊन खुंटीला टांगला, यादीत बारावा नंबर घातला. दुसऱ्या दिवशी बाराला पाच कमी असताना घरातच थांबली. लाजत लाजत, कुणी बघत नाही ना अशी मान वळवून, तिनं बटण दाबलं. एकदा. दाराला कडी घातली, कुलूप लावलं आणि खोलीवर आली.

स्क्रीन शांत होती. अकरावी ओळ नव्हती, आणि ती पुन्हा कधी आलीही नाही. नऊ ओळी हिरव्या. सगळ्यात खाली बारा. हिरवी.

तिला बरं वाटलं. इतकं साधं काहीतरी इतकं बरं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. आजी म्हणायची ते खरं होतं, आपलं नाव कुठंतरी उजळलेलं दिसलं की बास होतं.

मग तिची नजर शेजारच्या आकड्यावर गेली. बारा नंबर, हजर, दोनदा.

तिनं एकदाच दाबलं होतं. अगदी नक्की, एकदाच.

ती बराच वेळ तो आकडा बघत बसली. मग रजिस्टर मिटलं, दिवा मालवला आणि घराकडे निघाली. वाटेत नर्सबाई भेटल्या, त्यांच्याशी ती मामाच्या पायाबद्दल बोलली, हसलीसुद्धा. घरापाशी आली. कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली लावून तिनं ते काढलं.

आणि आत जाण्याआधी, आपल्याच रिकाम्या घराची कडी तिनं हळूच दोनदा वाजवली.